एनएचएलची कॅप वाढतेय, पण फायदा कोणाचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एनएचएल ही अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक लीग. तिच्या 32 संघांना खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करता येईल याची मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप. 2024-25 मध्ये ती 8.8 कोटी डॉलर होती. 2025-26 साठी 9.55 कोटी आणि 2026-27 साठी 10.4 कोटी ठरली, तर त्यापुढच्या मोसमासाठी 11.35 कोटींचा अंदाज लीगने आधीच जाहीर केला आहे. त्याविषयी आलेले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : आयपीएललाही पर्स असते. मग एनएचएलच्या कॅपचे वेगळेपण काय? आणि ती मध्ये इतकी वर्षे अडून का राहिली? (ठाणे)

एनएचएलची कॅप लीगच्या उत्पन्नातून निघते. मालक आणि खेळाडू संघटना यांच्या भांडणात 2004-05 चा अख्खा मोसम बुडाला, एकही सामना झाला नाही. त्यानंतरच्या तडजोडीतून 3.9 कोटींची पहिली कॅप आली. 2013 पासून हॉकीच्या उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी आहे. कोरोनात स्टेडियम रिकामी पडली आणि तिकिटांचा पैसा थांबला, करार मात्र जुन्याच आकड्यांचे होते. त्यामुळे खेळाडूंच्या पदरात निम्म्याहून जास्त गेले आणि तेवढे त्यांचे मालकांकडे देणे झाले. ते फिटेपर्यंत कॅप तीन मोसम 8.15 कोटींवर थांबली, पुढची दोन वर्षे जेमतेम दहा-दहा लाखांनी सरकली. आज दिसणारी उडी म्हणजे तुंबलेली वाढ आहे.

आयपीएलशी खरा फरक कराराच्या मुदतीत आहे. तिथे ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि संघ बऱ्याच अंशी नव्याने बांधले जातात. एनएचएलमध्ये लिलाव नाही, आणि 2013 पासून आठ वर्षांपर्यंतचे करार होत आले. आज ठरलेला दर पुढची कितीतरी वर्षे संघाच्या वहीत तसाच राहतो. शिवाय एका खेळाडूला कॅपच्या 20 टक्क्यांहून जास्त देता येत नाही. लखनौने ऋषभ पंतला 120 कोटी रुपयांच्या पर्समधून 27 कोटी दिले, म्हणजे 22.5 टक्के. एनएचएलमध्ये तो करार नामंजूर झाला असता.

प्रश्न : मिनेसोटाने किरिल काप्रिझोव्हला आठ वर्षांचे 13.6 कोटी डॉलर दिले. हा वेडेपणा नाही का? (नाशिक)

आकडा लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा आहे, पण डॉलर मोजून काही कळत नाही. टक्का बघा. वर्षाला 1.7 कोटी, आणि करार सुरू होतो त्या 2026-27 ची कॅप 10.4 कोटी. म्हणजे 16.3 टक्के. अलेक्झांडर ओव्हेच्किनचा वॉशिंग्टनशी झालेला मोठा करार 2008-09 मध्ये लागू झाला, तेव्हा वर्षाचे 95.38 लाख म्हणजे 5.67 कोटींच्या कॅपचे 16.8 टक्के होते. टक्क्यांत पाहिले तर काप्रिझोव्ह ओव्हेच्किनपेक्षा स्वस्त पडला. कॅप 11.35 कोटींवर गेली की त्याचा वाटा 15 टक्क्यांवर येईल.

सिडनी क्रॉस्बीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पिट्सबर्गकडून त्याला वर्षाला 87 लाख मिळतात. 2013-14 मध्ये तो आकडा कॅपच्या साडेतेरा टक्के होता, 2024-25 मध्ये दहा टक्क्यांच्या आत आला. मध्ये इतकी वर्षे गेली, पगार एका डॉलरने वाढला नाही. कॅप वाढते तेव्हा प्रत्येक जुना चांगला करार आपोआप स्वस्त होत जातो. म्हणून माझ्या मते या वाढीचा खरा फायदा श्रीमंत संघांपेक्षा दूरदृष्टीच्या संघांना होतो. चांगले खेळाडू वेळेत आणि लांब मुदतीने बांधून ठेवणारे पुढे जातात. उशीर करणाऱ्याला त्याच खेळाडूसाठी नव्या भावाने पैसे मोजावे लागतात.

प्रश्न : मग आमच्या कॉनर मॅकडेव्हिडने वर्षाला फक्त 1.25 कोटींवर सही का केली? (एडमंटन)

नियमाप्रमाणे 2026-27 मध्ये त्याला 2.08 कोटींपर्यंत मागता आले असते. जगातला सर्वोत्तम खेळाडू, आणि सहकारी लिऑन ड्रायसाइटलच्या 1.4 कोटींपेक्षाही कमी! 2018-19 मध्ये हेच 1.25 कोटी कॅपच्या 15.7 टक्के होते, आता 12 टक्के होतील. त्याने सोडलेल्या 83 लाखांत एक पहिल्या दर्जाचा बचावपटू बसतो; जेक वॉलमनचा एडमंटनशी झालेला नवा करार वर्षाला 70 लाखांचा आहे.

पण मुदतीकडे लक्ष द्या. सही फक्त दोन वर्षांची आहे. 2024 आणि 2025 अशा सलग दोन अंतिम फेऱ्या एडमंटन फ्लोरिडाकडून हरले. मॅकडेव्हिडने व्यवस्थापनाला पैसा दिला आणि सोबत घड्याळही लावले. मला हा निर्णय मनापासून आवडला. एवढ्या सवलतीनंतर चषक आला नाही, तर दोष द्यायला कॅप उरणार नाही.

प्रश्न : कॅप वाढणार म्हणून सगळेच उधळत सुटले तर? (मिसिसागा)

टोरांटोच्या शेजारी राहून हा प्रश्न पडणे साहजिक आहे. टोरांटोचे तारे टव्हारेस, मॅथ्यूज, मार्नर आणि नीलँडर यांचे करार 2018 आणि 2019 मध्ये झाले, तेव्हा कॅप चढत राहील असेच सगळे धरून चालले होते. मग कोरोना आला. चौघांचे मिळून वर्षाला सुमारे 4.05 कोटी होत, म्हणजे 8.15 कोटींच्या कॅपचा निम्मा भाग चार जणांत! उरलेल्या निम्म्यात बचाव, गोलरक्षक आणि राखीव फळी. संघ दरवर्षी प्लेऑफमध्ये कुठे थिटा पडला ते तुम्ही पाहिलेच आहे, आणि 2025 मध्ये मार्नर व्हेगासला गेला. चौघे वाईट नव्हते. त्यांच्याभोवती संघ उभारायला पैसाच उरला नाही.

या वेळी तीन मोसमांचे आकडे 2025 च्या जानेवारीतच हाती आले, हा मोठा आधार आहे. पण काप्रिझोव्हचा करार 2034 पर्यंत जातो, लीगचा शब्द मात्र 2028 पर्यंतचाच आहे.

प्रश्न : छोट्या शहरांतल्या संघांचे काय? (कोल्हापूर)

वरची मर्यादा वाढली की खालचीही वाढते. प्रत्येक संघाला किमान खर्च करावाच लागतो : 2025-26 मध्ये 7.06 कोटी, 2026-27 मध्ये 7.69 कोटी. ॲरिझोनाचा संघ पूर्वी हा किमान आकडा गाठण्यासाठी दात्स्युक, होसा यांच्यासारख्या पुन्हा न खेळणाऱ्यांचे करार कागदावर घ्यायचा, आणि त्या उपकाराच्या बदल्यात दुसऱ्या संघांकडून तरुण खेळाडू किंवा ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) संधी मिळवायचा. 2024 मध्ये तो संघ युटाला गेला. आता बहुतेकांकडे कॅपमध्ये जागा मोकळी असल्याने ती विकण्याचा धंदा मंदावला आहे.

2024 च्याच ऑगस्टमध्ये सेंट लुईसने ब्रोबर्ग आणि हॉलोवे या दोन तरुणांना एडमंटनच्या हातून उचलले, कारण एडमंटनची कॅप भरलेली होती. गरीब संघाला मिळणारी अशी दारे आता कमी उघडतील. कॅनडाच्या सात संघांना वेगळी चिंता आहे. त्यांची तिकिटे कॅनेडियन डॉलरमध्ये विकतात, पगार अमेरिकन डॉलरमध्ये जातात.

प्रश्न : जखमी खेळाडूच्या नावाखाली कॅप ओलांडण्याची पळवाट अजून आहे का? (पुणे)

बुजली. 2021 मध्ये टॅम्पा बेचा कुचेरोव्ह दुखापतीमुळे साखळी सामने पूर्ण चुकवून थेट प्लेऑफला परतला, आणि संघ कॅपपेक्षा जवळपास 1.8 कोटी जास्तीचे खेळाडू घेऊन चषक जिंकला. सगळे नियमात बसणारे होते. 2025-26 पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंचा हिशोबही कॅपमध्ये बसावा लागतो.

प्रश्न : तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या साध्या खेळाडूला काय मिळते? (सांगली)

किमान पगार 2025-26 मध्ये 7.75 लाख डॉलर आहे, पुढच्या मोसमात 8.5 लाख होईल आणि 2029-30 पर्यंत 10 लाखांवर पोहोचेल. ऐकायला छान वाटते. पण इथेही टक्का लावून पाहा. 2005-06 मध्ये किमान पगार 4.5 लाख होता, म्हणजे तेव्हाच्या कॅपच्या 1.15 टक्के. 2026-27 चे 8.5 लाख जेमतेम 0.82 टक्के भरतात. जुनाच वाटा टिकला असता तर त्याला 12 लाख मिळाले असते. ताऱ्याची कमाल मर्यादा कॅपच्या टक्क्याला बांधलेली आहे, शेवटच्या खेळाडूची किमान मर्यादा डॉलरच्या ठरीव आकड्याला. नवा करारनामा 2030 च्या सप्टेंबरपर्यंत चालेल. पुढच्या वाटाघाटीत खेळाडू संघटनेने किमान पगारही टक्क्यात मागावा.