नात्यातल्या बाईने करणी केली असं सांगणाऱ्याचं ऐकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात आजारपण हटत नाही. प्रार्थनेला येणाऱ्या एका भाऊंनी ‘नात्यातल्याच एका बाईने करणी केली आहे’ असं सांगितलंय. मग ख्रिस्ती माणसावर जादूटोणा चालतो का, आणि त्यांनी दिलेलं आशीर्वादित तेल घरात शिंपडावं का?

नाही चालत. बायबलमधल्या गणना या पुस्तकाचे 22 ते 24 हे अध्याय सलग वाचा. मवाबाच्या राजाने इस्राएलाला शाप द्यायला बलाम नावाच्या द्रष्ट्याला बोलावून आणलं, तीन वेगवेगळ्या ठिकाणी सात-सात वेद्या बांधल्या, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून आशीर्वादच निघाला. खाली छावणीत लोक आपापल्या तंबूत होते. कोण शाप देतंय याचा शोध त्यांनी घेतला नाही, कुठे काही शिंपडलं नाही. राखणारा देव होता.

खरं तर मी हे लिहायला बसले ते तुमच्या त्या भाऊंमुळे. असेच एक उपदेशक आमच्याही घरी आले होते.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फेफरं येतं. गोळ्या चालू होत्या, झटके आटोक्यात होते. दहावीच्या वर्षी जागरणं वाढली तसे झटकेही वाढले. झोप कमी पडली की ते वाढतात, डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. पण मोठ्या मामांनी बाहेरून एका उपदेशकांना आणलं. त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले आणि विचारलं, ‘या मुलाच्या अंगावर घरातल्या कोणाच्या हातचं काही आहे का?’

होतं. काकूंनी विणलेला स्वेटर होता. काका गेल्यापासून काकू आमच्याकडेच राहायच्या, सगळ्यांसाठी काही ना काही विणायच्या. उपदेशकांनी स्वेटर काढायला लावला, उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवत फिरवत काखेपाशी थांबले. तिथे गाठ होती. लोकरीचा एक गुंडा संपला की दुसरा जोडताना मारतात ती. ‘हे बघा, इथे बांधलंय,’ ते म्हणाले. ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी सुया हातात धरल्या आहेत तिला ही गाठ ठाऊक असते. माझ्या आईलाही होती, पण ती गप्प बसली. मी जाऊन काकूंची पिशवी आणली, त्यातला अर्धा विणलेला मफलर उलटा करून तशाच गाठी दाखवल्या. त्यावर उपदेशक म्हणाले, ‘म्हणजे इथेही बांधलंय.’

मफलर काकू स्वतःसाठी विणत होत्या.

रविवारी उपासना झाल्यावर मागच्या अंगणात तो स्वेटर जाळला. मामांनी तिथे प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 वाचला. इफिस शहरातल्या लोकांनी जादूची पुस्तकं जाळली, ती जागा. गोळ्याही बंद झाल्या, कारण ‘देवावर सोपवलं की पुन्हा गोळीवर भरवसा ठेवायचा नाही’. मी खूप भांडले, पण घरात माझ्या शब्दाला तेव्हा किंमत नव्हती. थोड्याच दिवसांत पहाटे भावाला जो झटका आला तो थांबेचना. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘गोळ्या कोणी बंद केल्या?’ फेफऱ्याच्या गोळ्या एकदम तोडल्या की असाच न थांबणारा झटका येऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. भाऊ वाचला. काकू मात्र त्याआधीच आपल्या भावाकडे निघून गेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत.

मामा आजही म्हणतात, ‘पण शेवटी गुण आलाच ना!’ गुण गोळ्या पुन्हा सुरू केल्याने आला, हे मी त्यांना कितीदा सांगितलंय. पण क्षणभर त्यांचंच खरं धरू. तरी पवित्र शास्त्राप्रमाणे त्याने काहीच सिद्ध होत नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 13 वा अध्याय स्पष्ट म्हणतो की कोणी चिन्ह सांगितलं आणि ते खरं ठरलं, तरी तो देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. फिलिप्पै शहरातली भविष्य सांगणारी दासी प्रेषित पौलाबद्दल जे ओरडत होती ते अक्षरशः खरं होतं. तरीही पौलाने तिच्यातल्या आत्म्याला गप्प करून बाहेर काढलं. तेव्हा सांगितलेलं खरं निघालं, ही कसोटीच नव्हे.

अनुवाद 18 मध्ये देवाने कोणाकोणाला मना केलं ते पाहा. चेटूक करणारा आहेच, पण त्याच यादीत शकुन पाहणारा आहे, मृतांना विचारणाराही आहे. डोळे मिटून ‘तुमच्यावर अमकीने केलंय’ असं सांगणारा माणूस याच यादीत बसतो. त्याच्या हातात बायबल आहे म्हणून तो यादीतून सुटत नाही. जादूला घाबरून आपण ज्याच्याकडे जातो तोच ती विद्या चालवत असतो, आणि आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हे उघडपणे बोललं जात नाही याची मला चीड आहे. इस्राएलाच्या शौल राजाने आधी देशातले सगळे भूतविद्यावाले हाकलले आणि मग स्वतःच रात्री वेष पालटून एन-दोर गावच्या, मृतांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला. तिथे त्याला उपाय मिळाला नाही, उद्या मरशील एवढंच कळलं.

आणि इफिसाबद्दल. तिथे लोकांनी स्वतःची पुस्तकं जाळली, पन्नास हजार चांदीच्या नाण्यांची. स्वतःच्या कर्मांची कबुली देऊन जाळली. एका विधवेने केलेली वस्तू तिच्यावर आरोप ठेवून जाळा, असं त्या अध्यायात कुठेही नाही. उलट त्याच अध्यायात त्याच्या आधी स्केवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे आहेत, जे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले आणि उघडेनागडे पळाले.

ही माणसं एका घरापुरती राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. 1692 मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये ‘अमकीचा आत्मा येऊन मला छळतो’ हा पुरावा म्हणून धरला गेला. एकोणीस जणांना फाशी दिली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. आरोप करणारे आणि मरणारे यांतले काही जण एकाच मंडळीत बसणारे होते. 1976 मध्ये जर्मनीत एक तरुण विद्यार्थिनी कित्येक महिने भूत काढण्याचे विधी सोसून उपासमारीने मेली. तिलाही आधी फेफऱ्याचं निदान झालेलं होतं. तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना न्यायालयाने दोषी ठरवलं. मी कॅथलिक नाही, पण त्यांच्या 1614 च्या विधिग्रंथात भूत काढण्याच्या विधीच्या सुरुवातीलाच दिलेली सूचना आमच्या उपदेशकांनी पाठ करावी: कोणाला भूत लागलंय असं सहजासहजी मानू नका.

आता कोणी म्हणेल, ही बाई सैतानालाच मानत नाही. मानते. दुरात्मे आहेत, येशूने ते काढले, हे मी एक अक्षर कमी न करता मानते. मत्तयाच्या शुभवर्तमानात 17 व्या अध्यायातल्या मुलाचे झटके दुरात्म्याचे होते, हेही शास्त्रात आहे. पण त्याच मत्तयाने चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या लोकांत भूतग्रस्त वेगळे मोजलेत आणि फेफरेकरी वेगळे. आणि मत्तय 17 मध्येसुद्धा ‘कोणी केलं’ हे येशूने विचारलं नाही. योहान 9 मध्ये शिष्यांनी आंधळ्याबद्दल ‘पाप कोणाचं’ असं विचारलं, तेव्हा त्याने तो प्रश्नच मोडीत काढला. प्रार्थनेलाही माझा विरोध नाही. त्या पहाटे दवाखान्याच्या जिन्यात आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, मामांनीसुद्धा.

सेलमच्या खटल्यांतला एक न्यायाधीश, सॅम्युएल सुअल, 1697 मध्ये भर उपासनेत उभा राहिला आणि त्याचा माफीनामा सगळ्यांसमोर वाचला गेला. मामांकडून काकूंना अजून एक शब्द गेलेला नाही. मला मामांकडून गोळ्यांबद्दल कबुली नको आहे. काकूंशी ते बोलले तर पुरे.

तेलाचं राहिलं. याकोबाच्या पत्रात (5:14-15) तेल आहे, पण तिथे आजाऱ्याने आपल्याच मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवायचं आहे, आणि तारते ती विश्वासाची प्रार्थना. कोपऱ्यांत शिंपडायची बाटली त्यात नाही. ती त्या भाऊंना परत करा. जिचं नाव त्यांनी घेतलं तिच्याशी पूर्वीसारखंच येणं-जाणं ठेवा, आणि ते पुन्हा बोलले तर तिला समोर बसवून बोलायला सांगा. आजारपण कसलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. एकाच वेळी घरातल्या अनेकांना त्रास होत असेल तर प्यायचं पाणी तपासून घ्या, भिंतींना ओल आहे का ते बघा. कोणाच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि घरात कोणाला झटके येत असतील तर त्यांना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना गाठा, प्रार्थना वाटेत करा.