वाचक विचारतात : रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल?

प्रश्न : सर नमस्कार. हायवेला आमचा पेट्रोल पंप आहे. रात्रीची कॅश मीच घरी नेतो. मागच्या दिवाळीत दोघांनी बाइक आडवी घालून बॅग ओढायचा प्रयत्न केला, मागून ट्रक आला म्हणून पळाले. आता शस्त्र परवाना मंजूर झालाय. मित्र म्हणतो पिस्तूल घे, राऊंड म्हणजे गोळ्या जास्त बसतात. दुकानदार म्हणतो रिव्हॉल्व्हर. एकजण तर म्हणतो घ्यायचं तर ९ एमएमच. भरवशाचं काय ते सांगा.
– एक पंपचालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, आधी ते ९ एमएम डोक्यातून काढून टाका. ९ एमएम, ३८, ४५ हे सगळे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेली नळीची मापं, साध्या परवान्यावर मिळतच नाहीत, आणि कुणी "करून देतो" म्हणाला तर त्याच्या दारात पाऊल टाकू नका, कारण विनापरवाना प्रोहिबिटेड हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं आत. आपल्याकडे स्वसंरक्षणासाठी माणूस घेतो ते ३२ बोअर, त्यात रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही येतं, फक्त दोघांची काडतुसं वेगळी, एकाची दुसऱ्यात चालत नाहीत, हे दुकानात पैसे मोजताना लक्षात ठेवा.

मी चोवीस वर्षं आर्मोररचं काम केलंय, म्हणजे बिघडलेली हत्यारं खोलून दुरुस्त करायची. तेव्हा माझं मत सरळ आहे, तुमच्यासाठी रिव्हॉल्व्हर. पिस्तूल वाईट म्हणून नाही, पिस्तूल रोज हाताळणाऱ्याचं आहे म्हणून. त्यात एक गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर टाकते, मुठीतल्या मॅगझिनमधनं नवीन राऊंड उचलून चेंबरमध्ये, म्हणजे राऊंड बसतो त्या घरात, ढकलते, आणि यातलं एक काही चुकलं की काम थांबलं. मनगट सैल धरलं तरी पुंगळी नीट बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकते. ३२ पिस्तुलाच्या काडतुसाची कड तर बुडाशी जराशी बाहेर असते, मॅगझिन भरताना वरच्या राऊंडची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकून बसतात, ते घरी टेबलावर बसून सोडवायचं काम आहे, अंधारात रस्त्यावर नाही. सराव असलेला माणूस बाकीचे अडथळे दोन सेकंदात काढतो. वर्षातनं एकदा दसऱ्याला पूजेपुरतं हत्यार बाहेर काढणारा नाही काढू शकत.

रिव्हॉल्व्हरमध्ये राऊंड फुटला नाही तर पुन्हा चाप ओढायचा, सिलेंडर, म्हणजे राऊंड बसवलेलं चाक, फिरतो, पुढचा राऊंड समोर येतो. बास. सहाच राऊंड बसतात हे खरं, पण तुम्हाला लढाई करायची नाहीये, जीव वाचवून निघायचंय.

आता कंपनीचं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चालत आलंय, जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीचं, मधनं मोडून उघडतं. २०२३ मध्ये त्यांचंच 'प्रबळ' आलं, त्याचा सिलेंडर बाजूला उघडतो, वजन ७०० ग्रॅमच्या घरात. मला नावापेक्षा हातात आलेला नग महत्त्वाचा वाटतो, एकाच पेटीतल्या दोन नगांत फरक असतो हो. म्हणून दुकानात घाई करू नका. आधी उघडून सहाही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. मग दुकानदाराला विचारून, नळी सुरक्षित बाजूला धरून चाप अगदी सावकाश ओढा, घोडा पडायच्या आधी सिलेंडर जागेवर बसलेला पाहिजे. चाप तसाच दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने सिलेंडर हलवून बघा, किंचित हलला तर चालतं, खुळखुळत असेल तर परत द्या. सहाही घरांसाठी हेच करा, पाच ठीक आणि एक ढिलं असं मी कितीदा बघितलंय. मोडणारं असेल तर बिजागरी आणि वरची खिट्टी बघा, बंद केल्यावर नळी आणि बॉडीत हालचाल नको. आणि नळी-सिलेंडरमधली फट उजेडात धरून बघा, केसाएवढी हवी, सगळीकडे सारखी.

सगळ्यात जास्त दगा मात्र हत्यार देत नाही, काडतूस देतं. एकदा रेंजवर एक गृहस्थ आले, रिव्हॉल्व्हर नवंकोरं, चाप ओढला तर नुसतं टक्. दुसरा, टक्. तिसरा कसाबसा उडाला. पट्ट्यातले राऊंड काढून बघितले तर पितळेवर हिरवा थर, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना तसा. अकरा वर्षं तेच राऊंड चामड्याच्या पट्ट्यात, आणि वर हौसेने तेल लावलेलं. चामड्याने पितळ खराब होतं आणि तेल बुडाच्या टोपीच्या कडेने आत झिरपून बार मारून टाकतं. राऊंड कोरडे, त्यांच्या खोक्यातच ठेवा. आपल्या खडकीच्या कारखान्याचे 'केएफ' शिक्क्याचे राऊंड दुकानात मिळतात, ते घ्या, त्यातले दोन-तीन सिलेंडर भरून रायफल क्लबच्या रेंजवर स्वतः उडवा, मगच त्या हत्यारावर विश्वास टाका. दरवर्षी जुने राऊंड सरावात संपवायचे आणि नवे भरायचे. रेंजवर टक् झालं तर लगेच उघडू नका हं, नळी टार्गेटकडे धरून अर्धा मिनिट थांबा, कधीकधी बार उशिरा पेटतो.

अजून एक, आणि हे मी तुमच्या घरच्यासारखा होऊन सांगतोय. बाइक आडवी येते तेव्हा हत्यार कमरेच्या होल्स्टरमध्ये, शर्टाखाली, आणि दोघं हातभर अंतरावर असतात. तेव्हा बॅग देऊन टाका. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क त्यात नाही, आणि बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी गेली तर ते स्वसंरक्षण होतं हे कोर्टात पटवता पटवता तुमची उमर जाईल. कॅश दिवसा बँकेत जाईल अशी सोय करा, वेळ आणि रस्ता बदलत जा, सोबत माणूस ठेवा. रिव्हॉल्व्हर हे सगळं करूनही जिवावर आलं तर, त्यासाठी आहे.

प्रश्न : सर, मी तालुक्याच्या गावी डॉक्टर आहे, रात्री-अपरात्री केसला जावं लागतं. परवान्यासाठी अर्ज करायचा विचार आहे. मिस्टर म्हणतात 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर घे, बायकांसाठी हलकं बनवलंय, पर्समध्ये बसतं. घरी सहा वर्षांचा मुलगा आहे. काय करू?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, निर्भीक २०१४ च्या जानेवारीत आलं, टायटॅनियम अलॉयचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या जवळ. बायकांसाठी म्हणून गाजावाजा झाला. पण हलकं म्हणजे सोपं असं नसतं. राऊंड तोच, मग हत्यार जितकं हलकं तितका झटका जास्त, आणि हाताला झटका बसला की दुसऱ्यांदा सराव करायची इच्छाच होत नाही, मी भल्याभल्या पुरुषांचं हे बघितलंय. तुमचा निकष चाप असू दे. रिकाम्या हत्याराचा चाप एका बोटाने, घोडा आधी न चढवता, दहा वेळा ओढून बघा. आठव्या-नवव्या वेळी नळी खाली झुकायला लागली किंवा दुसरं बोट मदतीला घ्यावं लागलं तर ते हत्यार तुमचं नाही, कितीही सुंदर असो. थोडं जड, मूठ भरून येणारं घ्या.

पर्सचं तर अजिबात नको. पर्स हिसकावली की हत्यारही गेलं, आणि चाव्या, पेन, मोबाइल यांच्यात चाप असलेली वस्तू मोकळी ठेवायची म्हणजे संकट. होल्स्टर, आणि अंगावर.

आता मुलगा. तो सहा वर्षांचा आहे म्हणजे त्याला घरातली प्रत्येक किल्ली कुठे असते ते माहीत आहे, तुम्हाला वाटत असो नसो. घरी आल्या आल्या रिकामं करून, भिंतीत पक्क्या केलेल्या नंबरच्या लॉकरमध्ये, राऊंड वेगळ्या कुलपात. उशीखाली नाही, कपाटावर नाही, साड्यांच्या घडीत नाही. घरात कुणी फार खचलेलं असेल, गोळ्या चालू असतील, तर हत्यार घरात आणूच नका, हे तुम्हाला डॉक्टर म्हणून मी काय सांगणार.

अर्ज कलेक्टर ऑफिसला जातो, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण लागतं, पोलिस व्हेरिफिकेशन होतं, सुरक्षित हाताळणीचं ट्रेनिंग घेतल्याचा दाखला लागतो. तो दाखला नुसता सही-शिक्क्याचा आणू नका, खरंच शिका. मंजूर होईपर्यंत पेपर स्प्रे ठेवा, त्याला परवाना लागत नाही, आणि ड्रायव्हर ओळखीचा असू द्या. खरं सांगू, रात्रीच्या केसला हे दोन उपाय मला रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त कामाचे वाटतात.

प्रश्न : वडील वारले त्याला पाच महिने झाले. त्यांचं जुनं ३२ रिव्हॉल्व्हर आणि चाळीसेक काडतुसं कपाटात आहेत. परवाना त्यांच्या नावावर. मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, काका म्हणतात जुनी काडतुसं तेव्हा हवेत उडवून संपवू. पुढे हत्यार माझ्या नावावर होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण भाऊ, ते हत्यार आज तुमच्या घरात विनापरवाना आहे. परवाना माणसाचा असतो, माणूस गेला की घरच्यांना ते ठेवता येत नाही. उद्याच्या उद्या पोलिस ठाण्याला फोन करून सांगा, मग मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन हत्यार आणि सगळी काडतुसं तिथे किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या. मग वारस म्हणून तुमच्या नावाने अर्ज करा, २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये वारसाला परवान्याची तरतूद आहे, बाकीच्या भावंडांची ना-हरकत जोडा. एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तुमच्याकडे आधीची असतील तर तो हिशोब बघा.

लग्नात हवेत गोळी नाही म्हणजे नाही. तशा गोळीबाराला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि वर गेलेली गोळी खाली येतेच, मांडवात कुणाची तरी लेकरं खेळत असतात. काकांना हा अंक वाचायला द्या.

परवाना झाला की हत्यार आधी आर्मोररला दाखवा, स्प्रिंग बदलून घ्या, नळी आतून बघून घ्या. ती चाळीस काडतुसं परत घेऊ नका, जमा केलीत तिथेच राहू द्या, नवीन घ्या.