वाचकांचे प्रश्न : जपानमध्ये गाडी आणि आपलं लायसन्स

प्रश्न : मे महिन्यात १२ दिवस होक्काइदोला जातोय. लायसन्सचं जपानी भाषांतर करून घेतलं की भाड्याची गाडी मिळते, असं एजंट म्हणतो. खरं आहे का? (पुणे)

उत्तर : नाही. भाषांतर दाखवून गाडी चालवायची सवलत जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, तैवान अशा मोजक्याच ठिकाणच्या लायसन्सना आहे. भारत त्यात नाही. भारत १९४९च्या जिनिव्हा करारात आहे, म्हणून आपल्याला आंतरराष्ट्रीय परवाना (आयडीपी) लागतो आणि तेवढा पुरतो. सारथी पोर्टलवर अर्ज करा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्जाआधी लायसन्सवरचं आणि पासपोर्टवरचं नाव ताडून पाहा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. जाताना आयडीपीची पुस्तिका, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट तिन्ही जवळ ठेवा. डिजिलॉकरमधलं लायसन्स तिथे कामाचं नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त नागोयात राहून दहा महिने झाले. दिवाळीत तीन आठवडे घरी येऊन नवा आयडीपी घेतला तर आणखी वर्षभर चालेल ना?

उत्तर : बरेच जण इथेच फसतात. आयडीपी जपानात उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. तुमची तिथे रहिवासी नोंद आहे, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत परत गेलात तर ते नवं आगमन धरत नाहीत. पुस्तिका कोरी करकरीत असली तरी गाडी चालवणं विनापरवानाच ठरेल.

मार्ग एकच, लायसन्स जपानी करून घेणं. भाषांतर लागतं ते इथे, आणि ते जाफ म्हणजे जपान ऑटोमोबाइल फेडरेशनकडून घ्यावं. शिवाय लायसन्स मिळाल्यावर भारतात एकूण तीन महिने राहिल्याचा पुरावा मागतात, म्हणून शिक्के असलेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नका. कार्डावर फक्त नूतनीकरणाची तारीख असेल, तर लायसन्स पहिल्यांदा मिळाल्याच्या तारखेचा उतारा आरटीओकडून दिवाळीतच काढून आणा. नागोयात बसून तो मिळवणं जिकिरीचं.

लायसन्स बदलून घेताना लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. ऑक्टोबर २०२५पासून लेखी परीक्षा अवघड झाली आहे : १० ऐवजी ५० प्रश्न आणि ९० टक्के बरोबर हवेत. प्रत्यक्ष चाचणीत डावी बाजू आपल्या सवयीची, तरी माणसं नापास होतात. वळताना मान वळवून मागे न पाहणं, डावीकडे वळण्याआधी गाडी कडेला न घेणं आणि ‘तोमारे’ (थांबा) पाटीपाशी चाकं पूर्ण न थांबवणं, ही कारणं. नुसता वेग कमी केला की आपल्याला थांबल्यासारखं वाटतं; परीक्षकाला वाटत नाही.