100 मीटरसाठी उंची कमी असेल तर ढांग मुद्दाम लांबवावी का?

तुमची उंची 1.68 मीटर आहे आणि लांब ढांग टाकायचा सराव केला तर वेळ सुधारेल का, असं तुम्ही विचारलंय. मुद्दाम लांबवू नका. ढांग लांबते ती जमिनीवर दिलेल्या जोरामुळे, पाय पुढे फेकल्यामुळे नाही.

वेग म्हणजे ढांगेची लांबी गुणिले सेकंदाला पडणारी पावलं. 2009 च्या बर्लिन जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये 1.95 मीटर उंचीच्या उसेन बोल्टने 9.58 सेकंदांत सुमारे 41 पावलं टाकली, म्हणजे सरासरी 2.44 मीटरची ढांग. दुसरा आलेला टायसन गे 1.80 मीटरचा, 9.71 सेकंदांत त्याची 45 च्या वर पावलं पडली. आता ढांगेला उंचीने भागून बघा: बोल्ट 1.25, गे साधारण 1.22. शरीराच्या मापात दोघांची ढांग जवळपास सारखीच! पण बोल्टचं पाऊल सेकंदाला 4.3 वेळा पडत होतं, गेचं 4.7 वेळा. लांब पायाचं वजन खुब्यापासून दूर असतं, त्यामुळे तो झटकन पुढे आणणं कठीण जातं. उंचीचा बराचसा फायदा तिथेच खर्च होतो.

बुटका धावपटू सुरुवातीलाच पुढे असतो, हेही अर्धसत्य आहे. उंच बोल्टनेही बर्लिनला पहिले 60 मीटर 6.31 सेकंदांत गाठले. आणि 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या सेमीफायनलला चीनच्या जेमतेम 1.72 मीटरच्या सू बिंगत्यानने ते 6.29 मध्ये गाठून 9.83 ची वेळ दिली. मला तरी तुमच्यासाठी अभ्यासायला सू जास्त योग्य वाटतो.

पूर्ण वेगात पाय जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतो. तेवढ्यात वजनाच्या कित्येक पट जोर द्यावा लागतो, म्हणून नुसती ताकद नाही, वजनाच्या तुलनेतली ताकद मोजायची. ढांग ओढून लांबवली की पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, गुडघा ताठ होतो, ब्रेक लागतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर नको तेवढा ताण येतो. हा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावण्याचा धोका वाढतो.

स्वतःचं मोजायचं असेल तर 30 मीटर धाव घेऊन पुढच्या 20 मीटरचं बाजूने, सेकंदाला 240 फ्रेमने चित्रण करा. 20 मीटरला पडलेल्या पावलांनी भागून ढांग काढा आणि पाय टेकल्यापासून उचलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 22 ते 24 म्हणजे उत्तम, 30 च्या वर गेल्या तर जोर कमी पडतोय. टेकण्याच्या फ्रेममध्ये नडगी उभी हवी आणि पाऊल कंबरेच्या वीत-दीड वीतच पुढे. चढावरच्या छोट्या धावा, स्क्वॉट आणि एका पायावरून दुसऱ्यावर उड्या यांनी जोर वाढतो. सहा-आठ आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर, वारा नसताना पुन्हा मोजा. ढांग वाढली आणि फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर वाढ खरी. फ्रेमही वाढल्या असतील तर तुम्ही पाय ओढताय, ढांग आखडती घ्या.