आंतरलिंगी व्यक्तींना भारतात कायदेशीर मान्यता आणि घटनात्मक हक्क आहेत का?

हक्क आहेत, पण मान्यता अडखळत मिळालेली आहे. आंतरलिंगी, म्हणजेच इंटरसेक्स व्यक्तींची जन्मजात शरीररचना, गुणसूत्रे किंवा संप्रेरके स्त्री-पुरुष या ठरीव चौकटींत बसत नाहीत. तरीही समानता, भेदभावास मनाई आणि जीवित व स्वातंत्र्य यांची अनुच्छेद १४, १५ व २१ मधील हमी त्यांना इतर कोणाइतकीच लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ‘ट्रान्सजेंडर’च्या व्याख्येतच आंतरलिंगी व्यक्तींचाही समावेश केला. माझ्या मते ही गल्लतच आहे, कारण एक प्रश्न स्वतःच्या ओळखीचा आहे, तर दुसरा शरीराच्या जन्मजात घडणीचा.

खरी कळ मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. काही महिन्यांच्या बाळाचे जननेंद्रिय ‘नीट’ करण्यासाठी संमतिपत्रावर पालक सही करतात; ज्याचे शरीर कायमचे बदलते, त्याला बोलताही येत नसते. पालकांची संमती ही बाळाची संमती नव्हे, हे मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले आणि त्यानंतर तमिळनाडूने जिवाला धोका असल्याखेरीज अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. माल्टा या युरोपीय देशाने असा कायदा २०१५ मध्येच केला होता.