‘वेड्याचा दाखला’ नको, मदत मात्र हवी

‘मॅडम, सरकारकडनं काही मिळतं काय? खरं तो वेड्याचा दाखला नको.’ खानापूर, हुक्केरी, निपाणीकडून बेळगावला येणाऱ्या घरांतून हे मी सतत ऐकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झालेला असतो, सांभाळणारी बाई पार थकलेली असते, आणि मदत त्या एका कागदापाशी, दिव्यांगत्वाच्या दाखल्यापाशी, अडते. म्हणून एका घराची गोष्ट, ओळख लपवून, सांगते.

सासरे पंच्याहत्तरीचे, उभा जन्म शेतीत गेलेला. तिन्हीसांजेला ‘बैलं बांधायची ऱ्हायल्यात’ म्हणत दाराकडे धावायचे. बैल कधीच विकले होते. मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, बहुतेक रात्रपाळीला. सूनबाईंचं शिलाईकाम बंद पडलेलं.

मुलगाच बोलत होता. ‘त्या दाखल्यावर मानसिक म्हणून लिवणार. उद्या पोरीचं लग्न ठरवायचं हाय. आणि तसं काय बाबांना जास्त नाही.’

मी वाद घातला नाही. सूनबाईंकडे वळून विचारलं, ‘वहिनी, रात्री कसं करता?’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी बांगड्या वर सारल्या. मनगटावर काळपट वळ होता. ‘परकराच्या नाडीचं एक टोक मामांच्या हाताला, एक माझ्या. ते उठले की मला जाग येती.’

नवऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. ‘कधीपासनं?’

‘पावसाळ्यात हिरीकडं गेलते बघा, तवापासनं.’

तो मान खाली घालून बसला. पुढच्या कितीतरी बैठकांचं काम त्या मिनिटाने केलं. माझी कामाची रीत पहिल्यापासून हीच आहे: सगळ्या घराचं लक्ष आजाऱ्यावर असतं, मी सांभाळणाऱ्याकडे बघते. स्मृतिभ्रंशात दुखणं एकाच्या डोक्यात असतं आणि त्याचा भार दुसऱ्याच्या अंगावर पडतो, हे एकदा घराला दिसलं की लाज आपोआप मागे हटते. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘त्या दाखल्यात हिच्या जागरणाची नोंद होणार आहे. ती लपवून पोरीचं काय भलं होणार?’ आठवड्याने तो स्वतःच अर्ज घेऊन आला.

आता दाखल्याविषयी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच स्मृती आणि स्थळकाळाचं भान बिघडणं येतं. त्यामुळे ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं की पेन्शनसारख्या योजनांचं दार उघडतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, उपचाराला कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्यांनाही ते उपयोगी पडतं. पंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो. कन्नड अर्ज भरायला त्याला हक्काने बसवा, मराठी माणसं इथेच संकोचतात.

तपासणीत टक्केवारी कशावरून काढतात, हे माहीत असायला हवं. स्वतःची कामं स्वतः करणं, माणसांशी वागणं, बोललेलं समजणं, कामधंदा, हे पाहिलं जातं. डॉक्टरांपुढे आपली म्हातारी माणसं फार शहाण्यासारखी वागतात: नमस्कार करतात, ‘बरा हाय’ म्हणतात. म्हणून सोबत मुलगा नव्हे, रात्र काढणारी बाई जावी. आधीचा आठवडाभर वहीत लिहून ठेवा: किती वेळा उठले, कपडे कुणी घातले, जेवण कुणी भरवलं. या घरात वहिनींनीच वही वाचली. मुलगा तर ‘बरे आहेत’ सांगून बसला असता.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलते. संध्या सुरक्षा या कर्नाटकाच्या म्हातारपणीच्या पेन्शनचे महिना १२०० रुपये मिळत असतील तर दिव्यांग पेन्शन वेगळी जोडून मिळत नाही, दोन्हींतली जास्त रकमेची निवडा. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी केंद्राने २०२४मध्ये आयुष्मान या आरोग्य योजनेचं वर्षाला पाच लाखांचं संरक्षण जाहीर केलं, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. हा आजार तर घरात, मोरीत, अंगणात जगायचा असतो, आणि तिथे सरकारचा हात पोचत नाही. सांभाळणाऱ्यांना भत्ता हा विषय २०१६च्या कायद्यात आहे. केरळ ‘आश्वासकिरणम’मधून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना थोडी का होईना रक्कम देतं. कर्नाटकाने २०२४-२५च्या अर्थसंकल्पात सांभाळणाऱ्यांना महिना हजार रुपये जाहीर केले, ते सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन्स अशा मोजक्या आजारांसाठी. स्मृतिभ्रंश त्या यादीत यायलाच हवा. आमदार गावात आले की गटारीबरोबर हेही मागा.

तोवर हाती येईल त्या रकमेतून तास विकत घ्या, असं मी सांगते. पूर्ण वेळची बाई ठेवणं परवडणार नाही. या घराने शेजारच्या मावशींना दुपारचे दोन तास बसवलं आणि वहिनी पुन्हा मशीनवर बसल्या. चंदगडची नणंद अधूनमधून येऊन आठ दिवस राहते. दाराला वरच्या बाजूला, सहज नजरेत न येणारी कडी बसवली आणि रात्रपाळी नसेल तेव्हा नवरा बाबांच्या खोलीत झोपतो. नाडी सुटली.

औषधासाठी दर वेळी बेळगावला यायला नको. तालुका दवाखान्यात मंगळवारी मनोचैतन्य या कर्नाटक सरकारच्या योजनेत मनोविकारतज्ज्ञ येतात, त्याची आधी चौकशी करा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर आजाऱ्यासाठी आहे तितकाच सांभाळणारीसाठी आहे, तिनेही फिरवावा.