साडेसात फूट, पण कोणासाठी?

प्रश्न : मी लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी गरवतो. आजवर ६ फूट ६ इंचांच्या मिडियम रॉडवर भागत होतं, कारण मोकळ्या पाण्यात किंवा फार तर गवताच्या कडेला गळ टाकत होतो. आता दाट जागांमध्ये शिरायचं आहे : हायड्रिला या पाणगवताचे तरंगते थर, कमळपानं, लव्हाळ्याची बेटं, पाण्यात आडवी झालेली झाडं. कोणी म्हणतं सात फूट पुष्कळ झाले, तर कोणी आठ फुटांखाली बोलायलाच तयार नाही. माझी उंची ५ फूट ५ इंच आहे. नावेत उभा राहून गरवतो. एकच रॉड घेणं शक्य आहे. किती लांबीचा घेऊ?

उत्तर : ७ फूट ३ इंच, हेवी पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन. (पॉवर म्हणजे रॉडचा ताठपणा, अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठे वाकतो ते; फास्ट रॉड टोकाकडे वाकतो.) तुम्ही सहा फूट उंच असता तर साडेसात फूट म्हणाले असते. हा आकडा कुठून आला तेही सांगते, म्हणजे पुढचा रॉड तुम्ही कोणाला न विचारता निवडाल.

दाट जागेत रॉड लांब लागतो तो दूर फेकण्यासाठी नव्हे. तिथे मासा बहुतेक वेळा दहा-पंधरा फुटांवर लागतो. लांबीचं खरं काम मासा लागल्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत असतं. बास आमिष तोंडात घेतो आणि वळून खाली बुडख्यांमध्ये शिरू पाहतो. एकदा दोर चार देठांभोवती फिरला की तुमची ओढ माशापर्यंत पोचतच नाही, देठांवरच खर्ची पडते. म्हणून एकाच हिसक्यात ढिला दोर ताणला गेला पाहिजे, गळ रुतला पाहिजे आणि माशाचं तोंड वर फिरलं पाहिजे. रॉड एक फुटाने लांब असेल तर पाव वर्तुळाच्या हिसक्यात त्याचं टोक साधारण दीड फूट जास्त फिरतं, म्हणजे जवळपास तेवढा जास्त दोर खेचला जातो. शिवाय टोक उंचावर राहतं, त्यामुळे मासा आडवा फरफटत न येता वर उचलला जातो. गवताच्या थरावरून त्याला घसरवत आणायचं तर ही वरची ओढ हवीच.

मात्र लांबी म्हणजे ताकद नव्हे. याच गल्लतीतून लोक आठ फुटांचा मिडियम-हेवी रॉड घेऊन येतात आणि मासा हलत नाही म्हणून आणखी लांब रॉड शोधू लागतात. रॉड ही तरफ आहे आणि तिचा लांब हात माशाच्या बाजूला आहे. लांबी वाढली की माशाच्या त्याच ओढीचा तुमच्या मनगटावर येणारा भारही वाढतो. ताकद येते ती पॉवरमधून, म्हणजे रॉड वाकायला किती जोर लागतो त्यातून. दाट जागेसाठी आधी पॉवर ठरवा, ती हेवीच्या खाली नको. लांबीचा विचार त्यानंतर.

साडेसात फूट हा आकडा इतका पक्का का बसला, याची हकिकत मला फार आवडते. डी थॉमस हे कॅलिफोर्नियातले गरवणारे. ते ‘ट्यूल’ नावाच्या उंच लव्हाळ्यांमध्ये बारा फुटांच्या रॉडने आमिष अलगद खाली सोडून बास काढायचे. स्पर्धांमध्ये त्यावर तक्रारी झाल्या आणि रॉडला आठ फुटांची मर्यादा घातली गेली. त्यांनी रॉड साडेसात फुटांवर आणला आणि तेच तंत्र लंबकासारख्या झोक्यावर बसवलं. तेच फ्लिपिंग. १९७५ साली आर्कान्सामधल्या बुल शोल्सवरची मोठी स्पर्धा त्यांनी याच तंत्रावर जिंकली आणि पुढे फेनविक या रॉड बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठी खास साडेसात फुटांचा रॉड बाजारात आणला. म्हणजे हा आकडा एका विशिष्ट कामाचा आहे : नावेत उभं राहून, दोराची लांबी हातात कायम ठेवून, पुढ्यातल्या लव्हाळ्यात आमिष आवाज न करता सोडायचं. तेच काम असेल तर आजही त्याला तोड नाही. काम बदललं की आकडाही बदलायला हवा.

गवताच्या थराला भोक पाडून खाली उतरणं, ज्याला पंचिंग म्हणतात, ते सगळ्यात अवघड. वरून थर सतरंजीसारखा घट्ट दिसतो, पण त्याच्या सावलीमुळे खाली प्रकाश पोचत नाही, रोपं विरळ होतात आणि मोकळी पोकळी तयार होते. बास त्या छपराखाली उभा असतो. तिथे पोचायला १ ते २ औंसांचं टंगस्टनचं वजन लागतं, ५० ते ६५ पौंडांचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, लागतो आणि ४/० किंवा ५/० मापाचा सरळ दांड्याचा गळ, स्नेल गाठीने बांधलेला. मासा वर येतो तो एकटा येत नाही, ओल्या गवताचा गठ्ठा सोबत घेऊन येतो. इथे ७ फूट ६ इंच ते ८ फूट आणि एक्स्ट्रा हेवी पॉवर हे माप योग्य आहे. तुम्ही फक्त हेच करणार असता तर तुमच्या उंचीलाही मी साडेसात फूटच सुचवला असता.

पण तुमच्या यादीत कमळपानं आहेत आणि तिथे तुम्ही फ्रॉग, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बेडकाच्या आकाराचं आमिष, चालवणार. फ्रॉगला डावी-उजवी चाल द्यायला टोक पाण्याकडे झुकवून मनगटाने छोटे झटके द्यावे लागतात. साडेसात फुटांचा रॉड कमी उंचीच्या माणसाच्या हातात असला की टोक पाण्यावर आपटतं किंवा नावेच्या काठाला लागतं. मग हात वर धरावा लागतो आणि तासाभरात खांदा भरून येतो. माझी उंची तुमच्यापेक्षा थोडी कमीच आहे आणि फ्रॉगसाठी मी ७ फूट १ इंचाच्या वर जात नाही. एक गोष्ट सांगून ठेवते. फ्रॉगवर पाणी उसळलं की लगेच हिसका देऊ नका. वजन हाताला जाणवू द्या, मगच द्या. इथे रॉडचं टोक थोडं नरम असलेलं बरं, मासा आमिष आत घेईपर्यंत ते त्याला अडवत नाही.

कोसळलेल्या झाडांमध्ये पिचिंग, म्हणजे आमिष पाण्यालगत खालून झोक्याने फेकणं, करायचं तर सात ते सव्वासात फूट चांगले. नावा लावायच्या धक्क्यांखाली किंवा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांखाली मात्र हिसका द्यायला वर जागाच नसते, तिथे सात फुटांहून थोडा कमीच सोयीचा.

या सगळ्या कामांमधलं माप म्हणून ७ फूट ३ इंच. पंचिंगला तो जरा तोकडा पडेल. थर फारच जाड असेल तिथे विरळ जागा शोधा आणि वजन एक औंसापर्यंतच ठेवा.

रॉड घेण्याआधी एक परीक्षा करा. तुमच्या नावेचा उभं राहण्याचा भाग पाण्यापासून जितका उंच असेल तितक्या उंच पायरीवर उभे राहा. रॉडवर तुमचंच रीळ चढवा. टोक खाली नेऊन पिचिंगचा झोका मनगटाने देऊन पाहा. टोक जमिनीला लागलं तर रॉड तुमच्यासाठी लांब आहे, मग त्यावर काहीही छापलेलं असो. नंतर मुठीचा मागचा दांडा बघा. तो कोपराच्या जरासाच मागे संपायला हवा. फार लांब असला तर दर झोक्याला बरगडीत अडकतो. फार आखूड असला तर हिसक्याच्या वेळी हाताला टेकू मिळत नाही. छापलेल्या लांबीत हा दांडाही मोजलेला असतो, त्यामुळे ७ फूट ३ इंचांचे दोन रॉड रिळाच्या पुढे वेगवेगळ्या लांबीचे निघू शकतात. दोन्ही शेजारी धरून बघा.

आणि दाट जागेसाठी म्हणून दुकानातला सगळ्यात ताठ रॉड उचलू नका. ब्रेड ताणाखाली लांबत नाही. रॉडही वाकला नाही तर सगळा धक्का गळाच्या टोकावर येतो, माशाच्या तोंडातलं छिद्र मोठं होतं आणि नावेजवळ आल्यावर गळ निसटतो. टोकाकडचा तिसरा हिस्सा वाकावा आणि खालचा दांडा भक्कम राहावा, हे तुम्हाला हवं आहे. दोर मात्र कधीही कमी ताकदीचा घेऊ नका. गवतात तुटलेला दोर तिथेच राहतो आणि पाणपक्ष्यांच्या पायांत अडकतो, गळ माशाच्या तोंडात राहतो. दाट जागेत शिरायचं तर मासा बाहेर काढण्याची तयारी ठेवूनच शिरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : वरच्यासारख्याच जागा, पण मी कयाकमध्ये बसून गरवते. उभं राहता येत नाही. सगळे सांगतात की कयाकला लांब रॉड हवा, कारण मासा पुढच्या टोकापलीकडून फिरवावा लागतो. हे खरं का?

उत्तर : कारण खरं आहे, पण दाट गवतात त्याचं वजन कमी होतं. मोकळ्या पाण्यात मासा कयाकला वळसे घालतो, तेव्हा टोक पुढून फिरवता आलं पाहिजे. गवतात तो वळसे घालत नाही, तो खाली घुसतो. तुम्ही बसलेल्या असल्यामुळे टोकाची उंची उभ्या माणसापेक्षा बरीच कमी असते, म्हणून वर उचलण्यासाठी लांबी हवीशी वाटते. त्याच वेळी टोक पाण्याजवळ असल्याने फ्रॉग चालवताना तीच लांबी नडते. माझा कौल ७ फुटांना, आणि मागचा दांडा आखूड. लांब दांडा लाइफ जॅकेटमध्ये अडकतो, आणि जॅकेट काढून गरवणं हा पर्याय नाही.

हिसक्याचीही पद्धत बदला. उभा माणूस रॉड थेट वर नेतो. बसून तसं केलं तर शरीर मागे झुकतं आणि कयाक डोलतं. रॉड तिरका, खांद्याच्या दिशेने न्या आणि उरलेला ढिला दोर रिळाने गोळा करा. म्हणून तुमच्यासाठी रिळाचा वेग रॉडच्या दोन-तीन इंचांपेक्षा महत्त्वाचा आहे, ७:१ च्या खाली नको, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात रिळाचे निदान सात फेरे व्हावेत. मासा घुसून बसला तर ओढत राहू नका. दोर ताणलेला ठेवून रीळ फिरवा, हलकं कयाक आपोआप त्याच्याकडे सरकतं. त्याच्या थेट वर पोचलात की उभी ओढ मिळते आणि गवताचा गठ्ठा हाताने बाजूला करता येतो. मोठ्या नावेतल्या माणसाला हे इतक्या सहज जमत नाही.

प्रश्न : माझा नवा आठ फुटी रॉड मासा नावेत घेताना टोकापासून हातभर अंतरावर मोडला. मासा दोन पौंडांचाही नव्हता. दोर टोकाजवळ फूटभर उरला होता आणि रॉड डोक्याच्या मागे गेला होता. रॉडच खराब होता का?

उत्तर : रॉड न बघता सांगणं कठीण, पण तुम्ही लिहिलं आहे की दोर टोकाजवळ फूटभर उरला होता आणि रॉड डोक्याच्या मागे गेला होता. तसं असेल तर कारण बहुधा तेच. रॉड उभ्याच्या मागे गेला आणि दोर तोकडा उरला की सगळी वाकण टोकाच्या बारीक भागात गोळा होते, खालच्या जाड भागापर्यंत भार पोचतच नाही. रॉड लांब असला की मासा हाताशी यावा म्हणून तो मागे न्यायचा मोह जास्त होतो. पुढच्या वेळी टोकाबाहेर पाच-सहा फूट दोर राहू द्या, रॉड पुढे झुकलेला ठेवा आणि गुडघा टेकून माशाचा खालचा जबडा हाताने धरा. मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसत्या जबड्यावर त्याला आडवा लटकवू नका.